दातारांची विनातार मुलतानी

मुलुंड पूर्वेच्या सुप्रभा सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शरच्चंद्र दातारांना त्यांच्या बायकोने, शुभाताईंनी, दोन अटी घातल्या होत्या. एक, या गुरुपौर्णिमेला अण्णांचं गाणं अण्णांना ऐकवायचंच. दोन, त्यासाठी हॉलमध्ये एकही वायर दिसता कामा नये. दातारांनी दोन्ही अटी चहाचा कप खाली ठेवायच्या आत मान्य केल्या. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने एवढी घाई करायला नको होती. पण दातारांचा स्वभावच असा, की एखादं काम किती सोपं आहे हे ते आधी सगळ्यांना सांगून टाकत आणि मग ते काम काय आहे हे बघायला जात.

अण्णा म्हणजे शुभाताईंचे गाण्यातले गुरू. भांडुपला दोन खोल्यांच्या घरात त्यांनी उभं आयुष्य शिकवण्यात घालवलं. नाव झालं नाही आणि त्याचं त्यांना सुखदुःखही नव्हतं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि गळा गेला. बोलताना आता नुसती खरखर येई. अण्णांनी शिकवण्या बंद केल्या. कुणी गाण्याचा विषय काढला की ते खिडकीबाहेर बघून हवापाण्याची चौकशी करू लागत. ‘गाऊन दाखवता येत नाही, तर शिकवू काय? कपाळ?’ असं त्यांनी शुभाताईंना एकदाच सांगितलं आणि विषय संपवला. त्यानंतर शुभाताईंनीही गाणं सोडल्यातच जमा होतं. त्यांना रात्रंदिवस एकच गोष्ट टोचत होती. माणसाने आपला आवाज असा मुकाट्याने गमावू नये, एकदा तरी तो त्याने कान भरून ऐकावा. आणि अण्णांचा आवाज साऱ्या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता : दातारांच्या माळ्यावर, कॅसेटींच्या खोक्यात.

या कॅसेटी दातारांनीच भरलेल्या होत्या, पण त्यात त्यांच्या रसिकतेचा भाग फारसा नव्हता. अण्णांच्या बैठकींना बायकोबरोबर जावं लागे आणि विलंबित ख्याल सुरू झाला की दातारांना हमखास झोप लागे. त्यावर उपाय म्हणून शुभाताईंनी त्यांच्या हाती टेपरेकॉर्डर दिला. यंत्र समोर असलं की दातार टक्क जागे राहत. अण्णांना हे ध्वनिमुद्रण बिलकूल पसंत नसे. गाणं हवेत सोडायचं असतं, बरणीत भरायचं नसतं, असं ते म्हणत. दातार ‘बरोबर आहे अण्णा’ म्हणत आणि बटण दाबत.

कित्येकदा नाही म्हटल्यावर अण्णा यंदा ‘चहाला येतो, गाण्याबिण्याचं बघू’ एवढं म्हणाले होते. शुभाताईंचा सगळा जीव त्या ‘बघू’मध्ये अडकला होता.

आता दातारांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. दातार ट्रॉम्बेला होते. एवढं एकच वाक्य त्यांनी सोसायटीत राहायला आल्यावर उच्चारलं आणि पुढचं सगळं सोसायटीने आपलं आपण समजून घेतलं. ट्रॉम्बेला म्हणजे अणुसंशोधन केंद्रात, आणि तिथे असतात ते शास्त्रज्ञ. वास्तविक दातार तिथे फर्निचर खरेदी विभागात होते. टेबलं, खुर्च्या, फायलींची कपाटं. देश अणुयुगात शिरला तेव्हा त्याला बसायला खुर्च्या कुणी आणून दिल्या, हा प्रश्न इतिहास विचारत नाही, म्हणून दातारांनीही स्वतःहून कधी उत्तर दिलं नाही. सोसायटीत कुणाचा मिक्सर बिघडला, गीझर गरम होईना, की माणूस दातारसाहेबांकडे. दातार त्या गीझरकडे बराच वेळ गंभीरपणे बघत आणि म्हणत, ‘कॉइल.’ बहुतेक वेळा ते कॉइलच असे. त्यामुळे त्यांची कीर्ती दुसऱ्या विंगपर्यंत गेली होती.

तेव्हा कॅसेटीतलं गाणं कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम बाहेर देण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईची हवा बाकी कुणाला मानवो न मानवो, बुरशीला फार मानवते. कॅसेटी पांढऱ्या पडल्या होत्या. दातारांनी त्या कापसाने पुसल्या, जुना डेक कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक कॅसेट आत घेतली. शेवटची कॅसेट आत आली आणि डेकचा पट्टा तुटला. दुकानदाराने डेककडे एखाद्या दिवंगताच्या फोटोकडे बघावं तसं बघितलं आणि असे पट्टे आता येत नाहीत, शोधावे लागतील, असं सांगितलं. दातारांना त्याचं काहीच वाटलं नाही. माल गोदामात आला होता.

आवाज स्वच्छ करायची सोयही त्या कॉम्प्युटरमध्ये होती. ज्या जागी नुसताच नको असलेला आवाज आहे ती जागा दाखवा, म्हणजे तसला आवाज आम्ही सगळीकडून काढून टाकतो, असं तो म्हणत होता. दातारांनी ऐकून पाहिलं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला, अण्णा तोंड उघडण्यापूर्वी, एकसारखी घूं चालू होती. पंखा असावा, किंवा जुन्या यंत्राची गुणगुण. दातारांनी बोट ठेवून ती घूं दाखवली आणि कॉम्प्युटरने ती इमानेइतबारे मुळासकट उपटून काढली. ‘जुनी फाइल ठेवायची का?’ असंही त्याने विचारलं. पण नवी खुर्ची आली की जुनी राइट ऑफ करायची, ही शिस्त दातारांच्या हाडीमांसी खिळलेली होती. दोन्ही ठेवल्या की ऑडिटवाले धरतात. त्यांनी जुनी फाइल राइट ऑफ केली आणि हात झटकले.

एवढं झाल्यावर कॉम्प्युटरने आपण होऊन दोन उपकार केले. अण्णा दोन आलापांमध्ये श्वास घेत, त्या प्रत्येक ठिकाणी गाणं संपलं असं समजून त्याने ऐकवायला काढलेल्या मुलतानी रागाचे बारीक बारीक तुकडे केले. आणि इंटरनेटवर चौकशी करून त्या तुकड्यांना नावंही देऊन टाकली. अण्णांची खर्जातली आलापी ‘खोल समुद्रातील व्हेल माशांचे आवाज’ या सदरात जमा झाली. मंद्र पंचमाला तर बाळांना झोपवण्याच्या संगीतात जागा मिळाली होती. विलंबित ख्यालाबद्दलचं आपलं जुनं मत इंटरनेटलाही पटलेलं पाहून दातारांना जरा बरं वाटलं, पण हे त्यांनी शुभाताईंना बोलून दाखवलं नाही.

आता राहिला बिनतारीचा भाग. कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि स्टिरिओ हॉलमध्ये. हा स्टिरिओ म्हणजे एक भरभक्कम ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. त्यांच्या वायरींना अडखळून शुभाताईंनी एकदा भरल्या पातेल्यासकट आमटी जमिनीला अर्पण केली होती, आणि अट क्रमांक दोनचा उगम तिथे होता. बंगळुरूला असणाऱ्या लेकीने, गंधालीने, त्यावर उपाय म्हणून एक काळी डबी पाठवली. ही डबी स्टिरिओला मागून चिकटवायची, आणि फोनने सांगितलं की कॉम्प्युटरमधलं गाणं हवेतून डबीत आणि डबीतून स्पीकरमध्ये. निळा दिवा लुकलुकला तर डबी शोधतेय, निळा स्थिर झाला तर तिला सापडलंय.

‘आणि लाल झाला तर?’ दातारांनी फोनवर विचारलं.

‘तर बंद करून चालू करा, बाबा.’

‘तरी लाल राहिला तर?’

‘तर मला फोन करू नका, मी मीटिंगमध्ये असते.’

दुसऱ्या मजल्यावरचा ग्रेगरी हे सगळं ऐकून वर आला. ग्रेगरी मूळचा मनोरीचा. बँकेत नोकरी करी आणि रविवारी चर्चच्या गायनवृंदात कीबोर्ड वाजवी. म्हणजे सोसायटीत आवाजाबद्दल खरोखर काही समजणारा तो एकटाच होता, आणि म्हणून त्याला कुणी काही विचारत नसे.

‘काका, एक वायर,’ तो म्हणाला. ‘फक्त एक. इकडून तिकडे. पाच मिनिटांचं काम, झकास वाजेल.’

‘वायर नाही,’ आतून शुभाताईंचा आवाज आला.

‘काकी, भिंतीच्या कडेकडेने नेतो ना. दिसणार पण नाय.’

‘ग्रेगरी, करंजी खा.’

ग्रेगरीने करंजी खाल्ली. मग बिनतारी म्हणजे काय हे नीट दाखवावं म्हणून तो खालून स्वतःचा छोटा स्पीकर घेऊन आला आणि दातारांच्या फोनशी जोडून वाजवून दाखवला. फोनने त्या स्पीकरला पाहिलं मात्र, तो त्याच्या प्रेमातच पडला. पुढे काय झालं ते या प्रेमप्रकरणातून झालं.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी दातार डबीची पहिली चाचणी घ्यायला बसले. बटण दाबलं. हॉलमध्ये शांतता. आवाज वाढवला. शांतता. आणखी वाढवला, पूर्ण केला, तरी शांतता. त्या वेळी खाली ग्रेगरीकडे त्याच्या वडिलांच्या आठवणीसाठी लदीन चालू होती. मनोरीहून नातेवाईक आले होते, मेणबत्त्या लावून सगळे गुडघ्यांवर बसून प्रार्थना म्हणत होते आणि गाण्यांसाठी तोच स्पीकर वेदीजवळ ठेवला होता. प्रार्थनेत क्षणभर खंड पडला आणि वेदीजवळून एक धीरगंभीर, खोल ‘आ’ निघाला. तो वाढत वाढत घरभर झाला. दोघीतिघींनी घाईघाईने क्रूसाची खूण केली.

दुसऱ्या दिवशी ग्रेगरी जिन्यात भेटला. दातारांचा चेहरा पडला होता. ‘काका, तुमचे अण्णा आमच्या लदीनीला येऊन गेले,’ तो म्हणाला. दातार सॉरी म्हणू लागले. ‘सॉरी काय त्यात? सगळ्यांना आवडलं. ॲनेट मावशी विचारत होती, हे कुठच्या पॅरिशचे?’

फोनची समजूत घालून त्याला ग्रेगरीच्या स्पीकरपासून तोडल्यावर दुसरी अडचण उघडी पडली. दातारांचं घर म्हणजे दोन छोटे फ्लॅट जोडून केलेलं. मधली भिंत मूळची बाहेरची, म्हणजे चांगली जाड, आणि तिला टेकून लोखंडी कपाट. आतल्या खोलीतलं वायफाय त्या भिंतीपलीकडे जात नव्हतं. डबीचा दिवा नुसता लुकलुकत राही. मग दातारांनी बराच विचार करून एक शोध लावला. आतल्या खोलीला जुना दरवाजा होता, तो बाहेर पॅसेजमध्ये उघडे. भिंतीतून जाता येत नसेल तर वायफायने सभ्य माणसासारखं दरवाजातून बाहेर पडावं, पॅसेजमधून चालत यावं आणि पुढच्या दाराने हॉलमध्ये शिरावं. त्यासाठी त्यांनी पॅसेजमध्ये, चौकटीच्या वर, दोन शिंगांची एक पांढरी पेटी ठोकली.

त्या संध्याकाळी हॉलमधला निळा दिवा पहिल्यांदा स्थिर झाला आणि कपाटाएवढ्या स्पीकरांतून अण्णा गायले. मात्र आधी द्रुत चिजेचा शेवट झाला, मग मधल्या ताना आल्या, मग अण्णा खाकरले आणि त्यानंतर त्यांनी षड्ज लावला. तुकडे वाटेल त्या क्रमाने वाजत होते. शुभाताई स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर आल्या.

‘अहो, अण्णा हे ऐकून उठून जातील.’

ग्रेगरीने ते तुकडे जोडून पुन्हा सलग केले. त्याला एका करंजीएवढा वेळ लागला. ‘अजून पण सांगतो, काका, वायर,’ एवढं बोलून तो खाली गेला.

सगळं जमलं असं वाटत असताना सोसायटीला ती पेटी दिसली. दातारसाहेब ट्रॉम्बेचे. दातारसाहेबांनी पॅसेजमध्ये शिंगं असलेली पेटी लावली. ती रात्री लुकलुकते. या तीन वाक्यांतून चौथं वाक्य काढायला सुप्रभा सोसायटीला फार वेळ लागला नाही. समोरच्या रेवतीबाईंनी आपल्या मनी प्लांटचं एक पिवळं पान तोडून पुरावा म्हणून जपून ठेवलं. त्यांना आठवडाभर डोकंही जड वाटत होतं, पण ते पेटीच्या आधीपासून, असं त्यांच्याच मिस्टरांनी सांगितल्यामुळे तो मुद्दा मागे पडला.

सेक्रेटरी राजेश भेटायला आला. ‘साहेब, आपल्याला पर्सनली काय प्रॉब्लेम नाय,’ तो म्हणाला. सेक्रेटरी असं म्हणाला की वाट लागली असं समजावं. ‘पण लोक बोलतात. एक तर कॉमन पॅसेज. त्यात रेडिएशन. तुम्ही असं करा ना, ट्रॉम्बेहून एक एनओसी आणा.’

‘ट्रॉम्बेहून? अरे, ते वायफाय आहे. तुझ्या घरात पण आहे.’

‘माझ्या घरात कंपनीवाल्याने लावलंय, साहेब. तुम्ही सायंटिस्ट आहात. तुम्ही काय लावलंय ते आम्हाला कसं कळणार?’

स्वतःची प्रतिष्ठा अशी स्वतःवर उलटेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कमिटीने तातडीची सभा बोलावली. गुरुपौर्णिमा तोंडावर आलेली. तळमजल्यावर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि दातारांच्या सवयीच्या नजरेला त्यांतल्या निम्म्या राइट ऑफ करण्याच्या लायकीच्या दिसल्या. रेवतीबाईंनी पान फिरवलं. एकाने, साहेबांनी अणुकेंद्रातून काही घरी आणलेलं नाही असं लिहून द्यावं, अशी सूचना मांडली. दुसऱ्याने, ते लिहून तरी कसे देतील, त्यांच्यावर गुप्ततेचं बंधन असणार, असं म्हणून दातारांची बाजू घेतली. ही बाजू विरोधापेक्षा वाईट होती. शेवटी राजेश म्हणाला, ‘साहेब, पेटी काढून टाका, मिटवून टाकू.’

दातार उठले. पेटी काढतो म्हणणं सोपं होतं. साहेब म्हणून आले तसे ते साहेब म्हणून वर गेले असते. पण शेवटच्या रांगेत शुभाताई बसल्या होत्या. त्या दातारांकडे बघत नव्हत्या, मांडीवरची पर्स नुसती उघडझाप करत होत्या.

‘मी शास्त्रज्ञ नाही,’ ते म्हणाले. ‘मी खुर्च्या घेत होतो.’

कुणालाच समजलं नाही.

‘खुर्च्या, टेबलं, कपाटं. फर्निचर खरेदी. अणू मी कधी पाहिलेला नाही. ती पेटी स्टेशनसमोरच्या दुकानातून आणली आहे. आमच्या बायकोच्या गुरूंना गाणं ऐकवायचंय, एवढंच.’

वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकली. मग दुसऱ्या विंगमधले एक गृहस्थ हळूच उठले.

‘मग आमचा गीझर?’ त्यांनी विचारलं.

पेटी राहिली, दातारसाहेब गेले. दुसऱ्या दिवसापासून राजेश त्यांना काका म्हणू लागला. मिक्सर यायचे बंद झाले. दातार जिन्यातून जाताना मान जरा खाली घालून जात. एकदा तर पाण्याच्या पंपाजवळ चार जण उभे होते आणि कुणी त्यांना काही विचारलं नाही. त्यांना फार लागलं ते. पण शुभाताईंनी त्या आठवड्यात दोनदा अळूवड्या केल्या, आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

गुरुपौर्णिमेला दुपार कलताना अण्णा आले. मुलतानी ऐकायची तर हीच वेळ, हे शुभाताईंनी आधीच बघून ठेवलं होतं. पायांवर डोकं ठेवून झालं, फुलं झाली, करंज्या झाल्या. ग्रेगरीलाही बोलावलं होतं. तो कोपऱ्यात बसला आणि त्याने दातारांना शर्टाचा खिसा हळूच उघडून दाखवला. आत वेटोळं केलेली वायर होती, अगदीच प्रसंग आला तर असावी म्हणून.

‘अण्णा, एक ऐकवायचंय,’ शुभाताई म्हणाल्या.

‘पाऊस बरा आहे यंदा,’ अण्णा खरखरले.

‘अण्णा.’

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. दातारांनी बटण दाबलं. निळा दिवा स्थिर झाला, आणि हॉलमध्ये अण्णांचा तरुण आवाज उभा राहिला. बुरशी नाही, खरखर नाही, घूं नाही. धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ. आपल्या कामाकडे माणसाने अभिमानाने बघावं तसे दातार चौफेर बघत होते. एक आलाप झाला, दुसरा झाला. अण्णांचा हात वर गेला.

‘बंद करा.’

दातारांनी बंद केलं.

‘तंबोरा कुठाय?’

‘तंबोरा?’ दातार म्हणाले. ‘अण्णा, ते सगळं काढलंय मी. सुरुवातीला सारखी एक घूं होती, ती...’ आणि बोलता बोलता त्यांना समजलं.

‘ती घूं,’ अण्णा म्हणाले. ‘जन्मात मी कधी तंबोऱ्याशिवाय तोंड उघडलं नाही, दातार. चार लोकांत मला उघडा बसवलात तुम्ही.’

आधीची फाइल दातारांनी स्वतःच्या हाताने राइट ऑफ केली होती. डेक पट्ट्यावाचून माळ्यावर पडला होता. शुभाताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बघत बसल्या. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. ‘येतो मी,’ ते म्हणाले. इतक्या दिवसांची खटपट, सभा, गेलेली अब्रू, सगळं त्या दोन शब्दांत संपलं असं दातारांना वाटलं. त्यांना चक्क रडू येत होतं.

दारापाशी जाऊन अण्णा थांबले. त्यांनी एकदा त्या स्पीकरांकडे मागे वळून बघितलं. आतला तो माणूस तिथे एकटाच राहिला होता.

‘शुभा, तुझा तंबोरा आहे ना? का तोही पुसला ह्यांनी?’

शुभाताई धावल्या. तंबोरा आला, गवसणी निघाली, धूळ उडाली. अण्णा पुन्हा खाली बसले, मांडीवर भोपळा घेतला आणि खुंट्यांशी झटू लागले. जोडाच्या तारा लागायला वेळ लागला. खुंट्या पिळताना त्यांचा हात कापत होता, पण कान कापत नव्हता.

‘लावा त्याला,’ ते म्हणाले.

दातारांनी लावलं. अण्णांनी तंबोरा छेडला, मान हलवली, थांबले. ‘हा पांढरी दोनमध्ये गातोय. मी काळी एकचा माणूस.’

‘कॅसेट थोडी पळते, अण्णा,’ दातार पुटपुटले.

‘असू दे. तो काही आता खाली यायचा नाही. आपणच वर जाऊ.’

आणि अण्णांनी खुंट्या पिळून तंबोरा वर चढवला, त्या आवाजापर्यंत नेला. मग मुलतानी पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी स्वर आला तो एकटा आला नाही. तंबोऱ्याच्या गुंजारवात तो बसला, टेकला, पसरला. अण्णा गालाशी तंबोरा धरून स्वतःच्याच मागे बसले होते, एखाद्या शिष्याने गुरूच्या मागे बसावं तसे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाने कुरकुर चालू होती. ‘घाई. इथे घाई केलीन.’ मग थोड्या वेळाने, ‘हं. हे ठीक.’ दातारांना झोप येत नव्हती. हातात काही नसताना त्यांना विलंबित ख्यालात झोप आली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आवाज गंधाराकडे निघाला, मध्यमावर रेंगाळला, खाली उतरणार, आणि डबीचा दिवा लाल झाला. सगळं गप्प. का, ते गंधालीलाही सांगता आलं नसतं. ग्रेगरी खिशात हात घालून अर्धा उठला. दातारांनी फोन उचलला, बंद करून चालू करायला. पण तंबोरा थांबला नव्हता. अण्णांची बोटं तारांवरून तशीच फिरत होती.

‘शुभा,’ ते म्हणाले.

‘अण्णा, मी किती दिवसांत...’

‘तो गंधार अर्ध्यात लोंबकळतोय. त्याला घरी आण.’

शुभाताईंनी डोळे पुसले आणि आ लावला. तो फाटला.

‘परत.’

पुन्हा लावला. ‘असा सरळ नाही उडी मारायची. मध्यमाला टेकून ये. परत.’ गळा नव्हता, म्हणून अण्णांनी डावा हात उचलला आणि तो गंधार हवेत काढून दाखवला, कुठून निघायचं, कुठे वाकायचं, कुठे अलगद टेकायचं. शुभाताईंची नजर त्या हातावर खिळली. ‘परत.’ आणि मग तो लागला. पुरता नाही, पण लागला. अण्णांनी मान हलवली आणि पुढचा स्वर हाताने दाखवला.

एवढ्यात कोपऱ्यातली डबी लुकलुकू लागली. निळा दिवा. तिला सापडत होतं, आता कुठल्याही क्षणी स्पीकरमधून मुलतानी परत उसळली असती. दातार उठले, मांजराच्या पावलांनी भिंतीपाशी गेले आणि प्लग उपटून हातात घेऊन उभे राहिले. ग्रेगरीने त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला.

चहा गार झाला. तो पुन्हा केला, तोही गार झाला. दिवेलागणीला तंबोरा गवसणीत गेला तेव्हा अण्णा शुभाताईंना म्हणाले, ‘मंगळवारपासून येत जा. घसा गेलाय माझा, कान इथेच आहेत. आणि हाताला काय धाड भरलीय?’

दातार त्यांना खाली रिक्षापर्यंत पोचवायला गेले. पार्किंगमध्ये राजेश उभा होता, त्याने ‘काका, झालं का गाणं?’ असं विचारलं. दातारांनी झालं म्हणून सांगितलं. अण्णा रिक्षात बसले, काठी आत घेतली आणि दातारांना जवळ बोलावलं.

‘दातार, त्या गृहस्थांचं आणखी काही आहे तुमच्याकडे?’

‘कॅसेटी आहेत, अण्णा. पट्टा मिळाला की...’

‘शोधा. आणि काही पुसू नका.’ रिक्षा सुरू झाली तशी अण्णांनी पुन्हा डोकं बाहेर काढलं. ‘बरा गात होता,’ ते म्हणाले.